कलमआबा

शिवाजी पेठेत तालमी, तरुण मंडळं आणि फुटबॉलवर भांडणारी माणसं यांची टंचाई कधीच नव्हती. कायदा सांगणारा मात्र एकच निघाला. तोही सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर. नोकरीभर आबांनी लोकांचे अर्ज फायलीला लावले आणि पेन्शन सुरू होताच स्वतः अर्ज करायला बसले. माहिती अधिकाराचा कायदा २००५ सालचा, त्याला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं; ती तिकिटं आबांच्या पाकिटात नोटांपेक्षा जास्त असतात. पिशवीत ग्राहक संरक्षण कायद्याची चुरगळलेली प्रत आणि एक भिंग. भिंग बिस्किटाच्या पुड्यावरची एमआरपी वाचायला. पेठेनं त्यांचं नाव कलमआबा ठेवलं, आणि आबांना ती पदवीच वाटते.

आबांचं काम बघायचं तर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर बघावं. तिथं म्हैस समोर, धार समोर आणि ग्लास हातात. बाकीचं कोल्हापूर तो ग्लास एका दमात रिकामा करतं आणि मिशीवरचा फेस पुसतं. आबा ग्लास डोळ्यांसमोर धरतात.

"ह्यात दूध किती अन् फेस किती?"

"आबा, फेसाबिगर धारोष्ण कसलं?"

"मापावर वैधमापनवाल्यांचा शिक्का हाय?"

"म्हशीवर मारून घेऊ का?"

मग आबा कट्ट्यावर बसून राहतात. फेस खाली बसतो, दूध दोन बोटं उतरतं. आबा बोटानं ती रेघ दुधवाल्याला दाखवतात, मागं रांगेत उभ्या असलेल्यांना दाखवतात, एका अनोळखी पैलवानालाही दाखवतात. दुधवाला बिचारा वर थोडं ओतून देतो. आबा घोट घेतात आणि म्हणतात, "पण आता हे गार झालं की. तू धारोष्ण म्हणून विकलंस."

एकदा असे पैसे मी दिले होते. म्हणून विचारलं, "आबा, दाम माझं, मग तक्रार तुमची कशी?" तिथंच चुकलं. आबांनी मला कट्ट्यावर बसवलं आणि गोगलगायीची गोष्ट सुरू केली.

ही गोष्ट आबांच्या पुतण्यानं विलायतेहून पुरवलेली. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात मे डोनोह्यू नावाची बाई मैत्रिणीबरोबर हॉटेलात गेली. मैत्रिणीनं तिला जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली काळपट काचेची, आतलं दिसायचं नाही. थोडं पिऊन झालं, उरलेलं ओतलं, तर आतून कुजकी गोगलगाय पडली म्हणे. बाई आजारी पडली. पण बाटली विकत घेतली मैत्रिणीनं; हिचा कारखानदाराशी व्यवहारच नाही, मग दाद कुणाकडं मागायची? प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १९३२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं, की जो पिणार त्याची काळजी घेणं हे माल करणाऱ्याचं कर्तव्य आहे. पुढं कारखानदार वारला, वारसांनी तडजोड केली. बाटलीत गोगलगाय खरोखर होती की नाही हे कोर्टात सिद्ध व्हायचं राहूनच गेलं. हा शेवटचा भाग मी नंतर वाचला. आबा तो सांगत नाहीत. त्यांच्या तोंडी गोगलगाय दरवर्षी थोडी मोठी होते.

"आणि आपल्याकडं?" आबांनी प्रत काढली. "१९८६ च्या कायद्यात होतं, २०१९ च्या नव्या कायद्यातपण हाय. विकत घेणारा ग्राहक, आणि त्याच्या संमतीनं वापरणारापण ग्राहक. तू घेतलंस, मी प्यालो, तुझी संमती होती. होती का न्हवती?"

होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पेठेत गेल्या कित्येक वर्षांत आबांनी मिसळीचं, चहाचं, सोड्याचं बिल दिलेलं कुणी पाहिलेलं नाही. ते कायम संमतीनं वापरणारे. मिसळ आपण मागवायची, कट पातळ आहे हे त्यांनी सांगायचं. सोडा आपण फोडायचा, बाटली उजेडात धरून गोगलगाय त्यांनी शोधायची. आणि पैसे आपण मोजले की गल्ल्यापाशी गर्जना करायची, "पक्कं बिल द्या! बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा हाय!" एवढंच की हॉटेलात पाण्याच्या बाटलीला एमआरपीहून जास्त आकारलं तरी चालतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे, तो आबांच्या फायलीत नाही.

घरी मात्र त्यांचं चालत नाही. एकदा चहा कडू झाल्याची तक्रार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली, तेव्हा काकी शांतपणे म्हणाल्या, "फुकटच्या सेवेला कायदा लागू न्हाई, तुमीच परवा शेजारच्यांना सांगत हुता." कायद्यात तसं खरंच आहे. आबा चहा पिऊन बाहेर आले.

आबांना हसणाऱ्यांत मी पुढं असतो, पण मिक्सरचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरोबर नाही. गल्लीतल्या एका बाईंचा नवा मिक्सर पंधरवड्यात जळला. दुकानदारानं भिंतीवर बोट दाखवलं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. बाई रडकुंडीला येऊन आबांकडं. आबा दुकानात गेले, पाटीसमोर उभे राहिले आणि शाळेत धडा वाचावा तशी ती पाटी मोठ्यानं वाचली. मग दुकानदाराला समजावलं, की सदोष माल परत घ्यायला नकार देणंही अनुचित प्रथाच. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस धरतात. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांत कधीही जाता येतं. आणि बाई कोल्हापुरात राहतात म्हणजे केस कोल्हापुरात. "कंपनी दिल्लीची असली तरी तिला हितं यावं लागतंय. येताना तुझं नाव घेत येईल." मिक्सर बदलून मिळाला. पाटी दुकानदारानं काढली नाही. तिच्यावर अंबाबाईचं कॅलेंडर टांगलं.

नाहीतरी हे गाव हक्काच्या बाबतीत मुळातच हट्टी. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसला तेव्हा एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी वडीलधारी माणसं रस्त्यावर उतरली आणि सरकारला टोल गुंडाळावा लागला. आबा त्या मोर्चांत होते. त्यांच्या बोलण्यावरून ते बहुधा सगळ्यांच्या पुढं होते. त्यातून १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसायला लागलं. पूर्वी "हायकोर्टात खेचीन" म्हटलं की दुकानदार मनात मुंबईच्या गाडीभाड्याचा हिशेब करून हसायचे. आता आबा चालत जाऊ शकतात. जिल्हा आयोगाचं अपील राज्य आयोगाकडं जातं, हायकोर्टात नाही, हे त्यांना ठाऊक आहे; पण धमकीला अपिलाचा मार्ग बघायचा नसतो.

गेल्या महिन्यात नातवाचं जावळ झालं. तांबडा, पांढरा, सुकं मटण, दीडशे पानं. यजमान कलमआबा. पेठ अशा दिवसाची वाट बघत होती.

"आबा, पांढऱ्यात खोबरं दिसंना."

"आबा, ह्या वाटीवर शिक्का न्हाई."

"अरं, फुकट जेवालाय तुमी! फुकटच्या सेवेला—"

"फुकट कशानं?" तालमीतला एक पोरगा हाडूक चोखत म्हणाला. "बिल तुमचं, वापर आमचा, संमती तुमची. पत्रिका छापलीया की."

बायकांच्या पंगतीतून काकींचा हसण्याचा आवाज आला. आबा काही बोलले नाहीत. तेवढ्यात केटरिंगवाला वही घेऊन आला आणि अदबीनं म्हणाला, "आबा, तुमाला पक्कं बिल लागतंय हे ठाव हाय मला. जीएसटी लावून करतो."

आबांनी भिंग काढलं. आकडा वाचला. वही जरा लांब धरून परत वाचला. मग इकडंतिकडं बघून त्याला खांबाआड घेतलं.

"आणि कच्चं किती हुतंय?"