गिटार आणि गिरमिट
सन १९८५ च्या सप्टेंबरात रॉक संगीतातील शब्दांनी कोवळी पिढी बिघडत असल्याची फिर्याद अमेरिकेच्या सिनेटच्या समितीसमोर रीतसर सुनावणीस आली खरी, परंतु त्या दप्तरात जो साक्षीपुरावा कमी पडला असेल, तो तुटपुंज्या भांडवलाच्या खूनबाज चित्रपटांनी त्याच सुमारास केवढ्या निष्ठेने रुजू केला, याची नोंद कोणी घेतलेली दिसत नाही. 'रॉकटोबर ब्लड' (१९८४) मध्ये देहदंड झालेला गायक दोन वर्षांनी पुनश्च हजर होतो आणि या अद्भुताचा उलगडा अखेर जुळ्या भावाच्या सनातन युक्तीने होतो. 'स्लंबर पार्टी मॅसकर'च्या दुसऱ्या भागातील (१९८७) खुनी इसमाने तर विद्युत् गिटारीच्या दांड्यासच भले थोरले गिरमिट जोडून घेतले आहे. वादन आणि वध ही दोन खाती अशी एकाच मुखत्याराकडे सोपवल्याने जी काटकसर साधते, तिचा कित्ता कोणत्याही सरकारने गिरवावा. 'ट्रिक ऑर ट्रीट' (१९८६) मध्ये रॉकविरुद्ध आवेशाने प्रवचन झोडणाऱ्या धर्मोपदेशकाच्या रूपात साक्षात रॉक गायक ऑझी ऑस्बर्न अवतरतात. आरोपीनेच सरकारी वकिलाचा झगा चढवावा, तसे. 'हार्ड रॉक झॉम्बीज' (१९८५) ला मात्र आपण जरा जपूनच हसावे हे बरे, कारण खुद्द हिटलरच्या गोतावळ्याने यमसदनास धाडलेले वादक स्वतःच्याच गाण्याच्या प्रभावाने थडग्यातून उठतात, हे कथानक पडद्यावर आणणारे कृष्णा शाह म्हणजे आपल्या 'शालिमार' या हिंदी चित्रपटाचेच दिग्दर्शक होत.