संघ पुरा होईना

नांदेडच्या विष्णुपुरीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. म्हणजे पोरानं काय व्हायचं हे गावानंच ठरवून ठेवलंय. खेळायचं म्हटलं, तर फुटबॉलला अकरा जण लागतात, कबड्डीला सात. जिल्हा परिषदेच्या शाळांचा पटच आटतोय, तर संघ कुठला! 2023 मध्ये सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करायचं मनावर घेतलं. खासगी शाळांकडे पिवळी बस, छापील जर्सी, पगारी प्रशिक्षक. पण आठवी उलटली की खेळाडू शिकवणीच्या फाउंडेशन बॅचला. जे उरतात, ते दहावीच्या क्रीडागुणांपुरते. घोटून अभ्यास करून घेणाऱ्या लातूर पॅटर्नमध्ये गोलकीपर कुठं बसवणार? वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला मात्र हरलेला गडी रिपीटर म्हणून पुन्हा उतरवतात, तोही भरलेल्या फीवर. अशी सोय फुटबॉलमध्ये नाही.