सप्तपदीची उचकी

आमच्या ताईचं लग्न मे २००६मध्ये पुण्यात झालं. सप्तपदी अगदी व्यवस्थित पार पडली. सात म्हणजे सातच पावलं. मी स्वतः कॅमेऱ्यामागे उभा राहून मोजली होती. जूनमध्ये तीच सप्तपदी आमच्या टीव्हीवर आली, तेव्हा मात्र ताई थरथरायला लागली. पुढे जाई, किंचित मागे येई, परत पुढे जाई. शेल्याला गाठ मारलेली असल्यामुळे भाऊजीही तिच्यामागून तसेच हेलकावे खात होते.

"हिचा तेव्हाच विचार बदलत होता की काय?" बाबांनी विचारलं.

"काहीतरीच काय बोलता!" आई म्हणाली.

आजी जपमाळ बाजूला ठेवून म्हणाली, "मशीनला उचकी लागलीय. कुणीतरी आठवण काढतंय. पाणी पाजा त्याला." तेव्हापासून आमच्या घरात त्या आजाराचं नाव उचकी पडलं. पुढचे तीन महिने मी त्या उचकीचा वैद्य होतो.

मुळात शूटिंग मी करायची काही गरज नव्हती. पण घरचा मुलगा इंजिनिअर असताना व्हिडिओवाल्याला पैसे कशाला, असं घरात ठरलं. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. नातेवाइकांच्या लेखी इंजिनिअर एकाच प्रकारचा असतो, आणि त्याला मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं. मित्राकडून मिनी डीव्ही कॅमेरा आणला, कॉम्प्युटरवर काटछाट करून तासाभराचं लग्न बेतलं आणि अकरा सीड्या जाळल्या. त्या खरं म्हणजे डीव्हीडी होत्या, पण आमच्याकडे चपटं, गोल आणि चकचकीत जे जे असतं त्याला सीडीच म्हणतात. प्रत्येकीवर गणपतीचं चित्र आणि वधूवरांची नावं छापलेला गोल कागद चिकटवला आणि आहेराची परतफेड केल्याच्या थाटात त्या गावोगाव धाडल्या.

आठवड्याभरात फोन सुरू झाले.

साताऱ्याची आत्या म्हणाली, "आमच्याकडे अंतरपाटच खाली येत नाही रे. अर्धा तास झाला, दोघं तशीच उभी आहेत. तुझे काका जेवून झोपले."

डोंबिवलीच्या मावशीकडे गुरुजी 'सावधान'वर अडकले होते. "सा, सा, सा, सा असं चाललंय. आम्हाला वाटलं, आता तानपुरा लावून गायलाच बसतात."

नाशिकच्या मामाचा प्लेअर डिस्क आत घ्यायचा, घटकाभर गुरगुरायचा आणि ट्रे बाहेर काढायचा. "जीभ दाखवतोय तो मला," मामा म्हणाला. मामाने तो प्लेअर चांगले बारा हजार मोजून घेतला होता, हे त्याने त्या एका फोनमध्ये तीनदा सांगितलं.

या सगळ्यांना मी एकच उत्तर देत होतो: "माझ्या कॉम्प्युटरवर तर नीट चालतेय." कॉम्प्युटरवाल्या माणसाचं हे आद्य वाक्य आहे. ते खरंही असतं आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोगही नसतो.

या काळात प्लेअर नावाच्या प्राण्याविषयी मला एक मोलाचं ज्ञान झालं. महागडे प्लेअर सोवळ्यातले असतात. कंपनीत छापलेली डिस्क असेल तरच स्पर्श करतील. घरी जाळलेली म्हटली की आंघोळ करावी लागल्यासारखं तोंड करतात. त्यात त्यांचाही अगदीच दोष नसतो. छापील डिस्कमधल्या माहितीचे खरोखरीचे खड्डे असतात आणि मागचा चंदेरी थर लख्ख असतो. घरच्या डिस्कमध्ये खड्डे नसतातच. लेझरने रंगाचा थर भाजून उठवलेले डाग असतात आणि परत येणारा उजेडही फिका असतो. म्हाताऱ्या प्लेअरला ते वाचताना चाळिशी लागल्यासारखं होतं. याउलट दीड-दोन हजारांचा, ज्याचं नाव दुसऱ्या दिवशी आठवत नाही असा प्लेअर पानात पडेल ते खातो. ताईच्या सासरी नेमका असलाच होता. ही गोष्ट लक्षात ठेवा.

पहिला इलाज बाबांनी केला. उशीच्या अभ्र्याने त्यांनी डिस्क गोल गोल, लोटी घासावी तशी घासली. झटके वाढले. डिस्कवरची माहिती आतून बाहेर सर्पिलाकार लिहिलेली असते. मधून कडेकडे आडवा ओरखडा गेला, तर प्रत्येक वेढ्यातलं थोडंथोडंच बुजतं आणि ते प्लेअर हिशेबाने भरून काढतो. गोल पुसताना पडलेला ओरखडा मात्र रेघेवरूनच धावतो आणि सलग ओळच्या ओळ खाऊन टाकतो. म्हणून पुसायचं ते मधून कडेकडे, सरळ. हे मी बाबांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "तुझ्या जन्माआधीपासून मी रेकॉर्ड पुसतोय." रेकॉर्ड गोलच पुसतात, त्यामुळे हा वाद मी आजतागायत जिंकलेलो नाही.

दुसरा इलाज पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मिळाला. दुकानदाराने डिस्क उजेडात तिरकी धरली आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "सोळाने जाळलीत ना?"

"हो. डबीवर सोळा एक्स लिहिलंय."

"गाडीच्या काट्यावर एकशेचाळीस लिहिलेलं असतं. लक्ष्मी रोडवरून नेता का?"

मी गप्प.

"गुलाबजाम मोठ्या आचेवर तळलेत तुम्ही. वरून लाल, आत पीठ. चारवर जाळा. मंद आच."

सोळाच्या वेगाने सहा-सात मिनिटांत होणारी डिस्क चारच्या वेगाने पंधरा मिनिटं घेते. पण तिचे डाग जागच्या जागी आणि रेखीव पडले. आत्याकडचा अंतरपाट खाली आला. काका उठून बसले.

मावशीकडचा 'सा' मात्र हटेना. तिथे माझाच लोभ नडला होता. आपल्या ताईचं लग्न, तेव्हा दर्जा सर्वांत वरचा हवा, म्हणून चित्राला मी सेकंदाला साडेआठ मेगाबिट दिले होते आणि आवाज अजिबात न दाबता ठेवल्यामुळे त्याला आणखी दीड. झाले दहा. डीव्हीडीची एकंदर मर्यादा दहा पूर्णांक शून्य आठ. म्हणजे वाटी काठोकाठ भरून मी ती प्लेअरच्या हातात दिली होती आणि वर पळ म्हटलं होतं. प्लेअर पंगतीतल्या वाढप्यासारखा थोडं पुढचं वाचून हाताशी ठेवतो. एखादी जागा वाचता आली नाही की मागे जाऊन पुन्हा वाचतो, आणि तेवढ्या वेळात हातातलं पातेलं रिकामं होतं. की बसले गुरुजी 'सा' लावून! चित्र सहा मेगाबिटवर आणलं, आवाज दाबून दोनशे किलोबिटांच्या आत बसवला. मावशीकडचे गुरुजी सावध झाले आणि चित्रात काय कमी झालं, ते आजवर कुणाला दिसलेलं नाही.

मामाच्या प्लेअरसाठी मात्र पत्रिकेत फेरफार करावा लागला. डिस्कच्या सुरुवातीला तिची जात लिहिलेली असते. मामाच्या कर्मठ प्लेअरला माझ्या डिस्कचं 'प्लस आर' हे कुळच ठाऊक नव्हतं. आता, प्लस डिस्क जाळताना काही रायटरना सांगता येतं की हिच्या कपाळी 'डीव्हीडी रॉम', म्हणजे छापील डिस्क, असं लिही. मी लिहिलं. मंगळ असलेल्या मुलीची पत्रिका ज्योतिषाकडून 'जमवून' आणावी, तसाच हा प्रकार. प्लेअरने पत्रिका बघितली, छत्तीस गुण जुळले आणि ट्रे आत गेला तो गेलाच. मामाने प्लेअरची किंमत चौथ्यांदा सांगितली.

एवढं सगळं होऊनही सप्तपदीची उचकी कायम होती. ती अकराही घरी, स्वस्तात आणि महागात, सारखीच होती. तेव्हा दोष ना डिस्कचा ना प्लेअरचा, हे मला फार उशिरा कळलं. मी ती सात पावलं तोवर चाळीसेक वेळा बघितली होती. सुगावा आजोबांमुळे लागला. आजोबा लग्नभर पहिल्या रांगेतल्या खुर्चीत ढिम्म बसून होते आणि चित्रात ते एकटे सुस्पष्ट होते. त्यांच्यासमोरून करवल्या पळाल्या की त्या थरथरत. म्हणजे जे हलतं, तेच हलत होतं!

तर त्याचं असं असायचं. आपल्याकडचा तेव्हाचा टीव्ही सेकंदाला पंचवीस चित्रं दाखवायचा, पण एकेक चित्र दोन हप्त्यांत. ५७६ ओळींपैकी आधी एकाआड एक अशा २८८, मग मधल्या उरलेल्या २८८. दोन हप्त्यांमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जायचा आणि तेवढ्यात पाऊल जरासं पुढे सरकलेलं असायचं. डीव्ही कॅमेरा खालचा हप्ता आधी टिपतो. मी सॉफ्टवेअरमध्ये खूण केली होती ती 'वरचा आधी' अशी. त्यामुळे टीव्ही इमानेइतबारे नंतरचा क्षण आधी दाखवत होता आणि आधीचा नंतर. ताईची पावलं पडत होती ती अशी: दोन, एक, चार, तीन, सहा, पाच. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन्ही हप्ते एकदमच येतात, तिथे हा घोळ दिसतच नाही. "माझ्याकडे तर नीट चालतेय" म्हणत मी तीन महिने ज्याच्या जिवावर मिजास केली, तो हा पडदा.

रात्री एक वाजता मी एका चौकटीतली खूण काढून खालच्या चौकटीत केली. बस. एवढंच. पहाटे डिस्क तयार झाली, सकाळी चहाच्या वेळी टीव्हीवर लावली. ताई चालली. सरळ, संथ, एक-दोन-तीन. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "शेवटी पाणी पाजलंस तर," आजी म्हणाली.

या यशाने मी उदार झालो. मेगाबिट कमी केल्यामुळे डिस्कवर आता जवळजवळ चाळीस मिनिटांची जागा मोकळी होती. रिकामी जागा मध्यमवर्गीय माणसाला बघवत नाही. म्हणून पंगतीची काटछाट न केलेली टेप मी होती तशी शेवटी जोडून टाकली. ती पूर्ण पाहिली नाही. सप्तपदी बघून बघून डोळे दमले होते. दुसऱ्या आवृत्तीला कागद चिकटवायचा नाही, हेही तोवर शिकलो होतो. कागद केसभर जरी तिरका लागला तरी डिस्क फिरताना डुगडुगते, आणि कडेला सर्वांत जास्त.

"पण व्याह्यांना असली बोडकी सीडी द्यायची?" आई म्हणाली. त्या एका डिस्कवर गणपती चिकटवला आणि ती ताईच्या सासरी पोचती केली.

त्याच संध्याकाळी आत्याचा फोन आला. ती कुजबुजत होती. "अरे, पंगत ऐकलीस का तू?"

मी ऐकली. झालं होतं असं, की पंगतीत मी कॅमेरा टेबलावर ठेवून स्वतः जेवायला बसलो होतो, आणि तो बंद करायला विसरलो होतो. चित्रात अर्धा तास मठ्ठ्याचं पातेलं होतं. आवाज मात्र शेजारी बसलेल्या मोठ्या काकूंचा. काकू जाऊबाईंना सांगत होत्या की विहीणबाईंची पैठणी पैठणची नसून काठ नुसते छापलेले आहेत, आणि दिसायला एवढ्याशा असून ही त्यांची पाचवी जिलबी आहे.

चार दिवस घरात कुणी फोन उचलायला तयार नव्हतं. पाचव्या दिवशी व्याह्यांचाच आला आणि बाबांनी तो माझ्या हातात दिला.

"सप्तपदी अगदी झकास हो! आमच्या सौभाग्यवतींनी सगळ्या वाड्याला दाखवली," ते म्हणाले. "फक्त शेवटी ती पंगत आहे ना, तिथे अडकते. मठ्ठ्याचं पातेलं येतं आणि गाडी पुढे सरकतच नाही. आमच्या प्लेअरने असं कधी केलं नव्हतं."

"कडेचा भाग आहे तो. तिथे व्हायचंच तसं."

"आमचा शेजारी म्हणतो, वरच्या कागदामुळे होतंय. काढून बघू का कागद?"

"छे छे," मी म्हणालो, "अहो, गणपती आहे त्यावर!"