दुधावरचा पत्ता

दूध हे पूर्णान्न, असं आपल्याला इतक्या लहानपणी पाजलं जातं की ‘कुणासाठी पूर्ण?’ हे विचारायचं राहूनच जातं. खरं तर दूध म्हणजे आईनं पिल्लाला धाडलेलं खासगी पत्र. पिल्लू बदललं की मजकूर बदलतो. बर्फावर विणारी हुडेड सील पिल्लाला जेमतेम चार दिवस पाजते. तेवढ्यात त्याच्या अंगावर चरबीचा कोट चढवायचा, म्हणून तिच्या दुधात सुमारे ६० टक्के स्निग्धांश. दूध कसलं, वाहतं लोणीच ते! वासरू दीडेक महिन्यात वजन दुप्पट करतं, माणसाचं बाळ त्याला चार-पाच महिने लावतं. म्हणून गाईच्या दुधात प्रथिनं ३ टक्क्यांवर, तर आईच्या दुधात जेमतेम एक टक्का. आपल्याला घाई नसते, हा गुण जन्मजातच आहे.

तरीही ‘गाय श्रेष्ठ की म्हैस’ हा वाद आपण परक्यांची पत्रं फोडून घालतो. म्हशीच्या दुधात फॅट ६ ते ८, गाईच्या साडेतीन-चार. डेअरीवाला त्यावर भाव ठरवतो आणि आपण त्यावर बुद्धी! म्हशीच्या दुधानं माणूस मठ्ठ होतो म्हणे. त्या दुधात जादा असतं ते स्निग्धांश, प्रथिनं आणि कॅल्शियम. मठ्ठपणा कुठल्याच तपासणीत उतरलेला नाही. गाईच्या दुधाचा पिवळेपणा म्हणजे सोनं नव्हे, चाऱ्यातलं कॅरोटीन. म्हैस त्याचं जीवनसत्त्व ‘अ’ करून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरं. बाटलीवर ‘ए-टू’ छापून जे महाग विकतात, ते प्रथिन म्हशीच्या दुधात मुळातच असतं. बिचारीला जाहिरात करता येत नाही. शेळीचं दूध हलकं म्हणावं, तर दुग्धशर्करा गाईच्या दुधाच्या जवळपासच आणि फोलेट फारच कमी. प्रथिनं आणि शर्करा यांत आईच्या दुधाच्या बरंच जवळ जाणारं दूध गाढविणीचं. पण स्निग्धांश एक टक्क्याच्या आसपास, त्यामुळे बाळाचं पोट त्यावर भागत नाही. शिवाय हे साम्य चारचौघांत सांगायचं कुणी?

‘मग दुसऱ्याचं पत्र वाचूच नये का?’ असं कुणी विचारील. मोठ्यांनी खुशाल वाचावं; चांगली प्रथिनं आणि कॅल्शियम फुकट घालवू नयेत. शर्करा पचत नसेल, तर विरजण आहेच; त्यातले जिवाणू आपल्या आधी तिचा बराच समाचार घेतात. खवा म्हशीचा घ्यावा, चहा परवडेल त्या दुधाचा करावा. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी यातलं कुठलंही देऊ नये. त्याच्या नावाचं पत्र वेगळं आहे.