सध्या मीटिंगमध्ये आहे

बँकेच्या शाखेत गेलं की आपली पत शून्य असते. तिथे सहा महिन्यांचं स्टेटमेंट लागतं, तीन वर्षांचे रिटर्न लागतात, जामीनदार लागतो, आणि हे सगळं फायलीत लावून नेलं की साहेब जेवायला गेलेले असतात. तीच आपली पत दुपारी दोनच्या सुमारास, जरा आडवं व्हावं म्हटलं की, एकदम आभाळाला टेकते. ‘सर, आपका प्री-अप्रूव्हड लोन है.’ पाच लाख, आठ लाख, म्हणाल तेवढे. ज्याने आपल्याला कधी पाहिलंही नाही, असा कुणी पोरगा सख्ख्या भावाने दाखवला नसता एवढा विश्वास आपल्यावर दाखवतो.

हा विश्वास आपण नाकारला की मात्र तो दुखावतो.

‘नको.’

‘क्यों नहीं चाहिए, सर?’

या प्रश्नाला उत्तर नाही. कर्ज का हवं याचे रकाने बँकेच्या अर्जात असतात, का नको याचे नसतात. मी म्हटलं, गरज नाही. ‘पैसे की ज़रूरत तो सबको होती है.’ वाक्य खरं आहे, त्यामुळे माझा आवाज चढला. ‘आप चिल्ला क्यों रहे हो? तमीज़ से बात करो.’ आणि फोन त्यानेच आपटला. मिनिटभरात दुसऱ्या नंबरवरून पुन्हा फोन. एकच शिवी, आणि कट. विक्रीनंतरची सेवा म्हणतात ती हीच असावी.

माझा नंबर कुठून मिळाला, हे विचारायच्या भानगडीत मी आता पडत नाही. उत्तर ठरलेलं आहे: ‘सर, सिस्टम में आया है.’ पाऊस जसा पडतो तसा नंबर येतो. आपणही काही सोवळे नाही म्हणा. मॉलमध्ये उभ्या केलेल्या चकचकीत गाडीशेजारच्या डब्यात कूपन कोणी टाकलं? एक फ्लॅट नुसता बघायला म्हणून गेलो तेव्हा बिल्डरच्या ऑफिसातल्या वहीत सुवाच्य अक्षरात नाव-नंबर कोणी लिहिला? दोन बनियन घेतले तरी काउंटरवरची मुलगी मान वर न करता ‘मोबाइल नंबर?’ म्हणते आणि आपण पाढे म्हणावेत तसे दहा आकडे म्हणून टाकतो. ग्राहकाने नंबर दिला नाही म्हणून अडवू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३मध्ये दुकानदारांना सांगितलं होतं. हे मी एकदा एका काउंटरवर ऐकवलं. मुलगी म्हणाली, ‘नंबर टाकल्याशिवाय बिल पुढे जात नाही, काका.’ मागे रांग होती. रांगेने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी दहा आकडे म्हटले.

या धंद्याचं आतलं गणित मला माझ्या भाच्याने सांगितलं. त्याने वर्षभर अशा एका कॉल सेंटरात काढलंय. नंबर माणूस फिरवत नाही, डायलर फिरवतो. तो एका वेळी अनेकांना घंटी देतो. जो आधी उचलेल त्याच्या गळ्यात मोकळा पोरगा पडतो. बाकीचे नुसतं ‘हॅलो, हॅलो’ करत बसतात. पलीकडे कुणी बोलत नाही म्हणून आपण घाबरतो, दारात लिंबू पडलेलं नाही ना, हे पाहून येतो. प्रत्यक्षात आपला नंबर फक्त हुकलेला असतो.

फोन संपला की पोराने शेरा मारायचा. बिझी, इंटरेस्ट नाही, कॉलबॅक वगैरे. आणि इथे आपली सगळी मध्यमवर्गीय सभ्यता मातीत जाते. वर्गणीवाल्याला, लांबून आलेल्या स्थळाला, विमा विकणाऱ्या मेव्हण्याला आपण ‘नंतर बघू’ म्हणतो आणि सगळे समजून घेतात. डायलर समजून घेत नाही. ‘आत्ता गाडी चालवतोय’ म्हणालात? कॉलबॅक. ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणालात? कॉलबॅक. ‘बघतो, घरात विचारून सांगतो’ म्हणालात तर तुम्ही नुसते कॉलबॅक नाही, तुम्ही लीड आहात, गरम लीड. तुमचं नाव टीम लीडरकडे जातं. भाचा म्हणतो, त्यांच्याकडे पुण्याचा डेटा आला की पोरं खूश असायची, कारण इथली माणसं फोनवर उगाच अर्धा तास भांडतात, पण शेवटी ‘नंतर करा’ म्हणतात.

याच न्यायाने पाहिलं तर देशाच्या अर्थमंत्र्यांचंही चुकलंच. २०१०च्या ऑगस्टमधली गोष्ट. तेव्हाचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जी दिल्लीत विरोधी पक्षांच्या नेत्यांबरोबर बैठकीत होते आणि त्यांना फोन आला. पलीकडून विचारणा झाली, गृहकर्ज घेणार का? अर्थमंत्र्यांनी सांगितलं, आत्ता नको, मी मीटिंगमध्ये आहे. कॉलबॅक! सगळ्या देशाच्या कर्जाचा हिशेब ज्या माणसाच्या टेबलावर असतो, त्यालाच वर आणखी थोडं कर्ज घेता का म्हणून विचारण्याची हिंमत तोवर कुणी केली नव्हती. त्या पोराला त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह मिळायला हवा होता.

मंत्र्यांच्या खिशातला फोन वाजला तेव्हा कुठे बाकीच्यांच्या फोनचीही दखल घेतली गेली. ‘डू नॉट कॉल’ची यादी तशी २००७पासूनच होती, पण यादीत असूनही ज्यांचे फोन वाजत होते त्यांचं म्हणणं ऐकायला कुणाला वेळ नव्हता. मग डिसेंबर २०१०मध्ये दूरसंचार नियामक ट्रायची नवी नियमावली आली आणि मुहूर्त पुढे पुढे ढकलत २७ सप्टेंबर २०११ला पूर्ण लागू झाली. रात्री ९ ते सकाळी ९ विक्रीचे फोन बंद. टेलिमार्केटरने नाव नोंदवायचं आणि १४०ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच बोलायचं. चोराने गळ्यात घंटा बांधून यावं, अशी ही योजना होती. काही जण खरंच घंटा बांधून आले. १४० दिसला की लोक फोन उचलेनात. मग बाकीचे शहाणे झाले आणि साध्या दहा आकडी सिमवरून बोलू लागले. म्हणजे नियम पाळणाऱ्याचा धंदा बसला आणि न पाळणाऱ्याचा चालू राहिला. आपल्याकडे ही काही नवलाची गोष्ट नाही, फुटपाथवर वडापावची गाडी लावणाऱ्या कुणालाही विचारा.

जाता जाता, एक नियम मला फार आवडतो. कर्ज घेतल्यावर वसुलीचा फोन सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२मध्ये बजावलं. म्हणजे विकणाऱ्याचा दिवस रात्री ९ला संपतो आणि वसूल करणाऱ्याचा ७लाच. शेवटचे दोन तास निव्वळ गोडीगुलाबीसाठी राखीव.

ट्रायचे नियम २०१८मध्ये आणखी बदलले आणि आपल्या हातात निवडीचा अधिकार आला. बांधकाम, शिक्षण, पर्यटन, आरोग्य, यांपैकी कुणाचं ऐकायचं, कोणत्या वारी, कोणत्या वेळी, हे आपण ठरवायचं. मंगळवारी दुपारी बिल्डरशी बोलावं आणि रविवारी सकाळी सहलीवाल्यांशी, असं वेळापत्रक भिंतीवर लावणारा नागरिक ट्रायच्या डोळ्यांसमोर असणार. तक्रारीसाठी ट्रायचं ॲपही होतं. या ॲपला आपल्या सगळ्या कॉलची यादी आणि सगळे मेसेज वाचायची परवानगी द्यावी लागायची. माझा नंबर लोकांच्या हाती पडला ही तक्रार करायची, तर आधी उरलेला फोनही कुणाच्या तरी हाती द्यायचा. आयफोनवाल्या कंपनीने यावरून बरेच आढेवेढे घेतले, तेव्हा ट्राय त्यांच्यावर चिडलं. अनोळखी माणूस फोनमध्ये डोकावतोय म्हणून कुणीतरी चिडलं, याचा मला आनंद झाला. फक्त चिडणारा चुकीच्या बाजूला उभा होता.

फेब्रुवारी २०२५मध्ये पुन्हा सुधारणा झाली. आता फोन आल्यापासून सात दिवसांत तक्रार करता येते, आणि नोंदणी न केलेल्या फोनवाल्यावर कारवाईला हात घालायचा तर दहा दिवसांत पाच तक्रारी पुरतात. पूर्वी सात दिवसांत दहा लागायच्या. एका माणसाचा वैताग हा वैताग धरत नाहीत, त्यालाही गणपूर्ती लागते. सोसायटीच्या वार्षिक सभेसारखंच हे. फक्त सोसायटीत गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्धा तास तहकूब करून त्याच खुर्च्यांवर पुन्हा भरवतात आणि मग गणपूर्ती लागत नाही. ही सोय ट्रायने अजून केलेली नाही. शिवाय तो सिमवाला आपल्यासारख्या आणखी चार तक्रारदारांची वाट पाहत दहा दिवस थांबेल कशाला? तो पाचव्या दिवशी दुसरं सिम घालतो.

मी १९०९ या नंबरवर रीतसर तक्रार केली. नंबर, तारीख, वेळ, सगळं. मेसेज आला: तक्रार नोंदवली. मग मेसेज आला: योग्य ती कारवाई झाली, तक्रार बंद. मग एक फोन आला. ‘सर, आमच्या सेवेबद्दल समाधानी असाल तर एक ते पाचमध्ये गुण द्या.’ मी जेवत होतो. तोंडून निघून गेलं, ‘नंतर करा.’ त्यांनी केला.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका निवृत्त आहेत आणि त्यांना हे फोन फार आवडतात. ते कर्जाला नको म्हणत नाहीत. ते आधी गाव विचारतात. मग पगार. मग आई-वडील कुठे असतात, शिक्षण अर्धवट का सोडलं, खोलीचं भाडं किती. एकदा त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. बीडकडचा मुलगा होता, हिंदीत सुरुवात करून दोन मिनिटांत मराठीत आला. त्याला दिवसाचं टार्गेट होतं, ते अजून व्हायचं होतं आणि संध्याकाळचे सहा वाजले होते. काका म्हणाले, ‘अरे, तू एमपीएससीचा फॉर्म भर. मी तुला नोट्स देतो.’ पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग तो म्हणाला, ‘काका, भरलाय. तीनदा.’ आणि फोन कट झाला. आता काकांना फोन येत नाहीत. पोरांनी यादीत त्यांच्या नावापुढे काहीतरी खूण केली असावी. काका त्यामुळे जरा उदास असतात.

आता सरकारचा नवा तोडगा असा की फोन वाजला की नंबरासोबत सिमच्या मालकाचं नाव दिसावं. ट्रायने तशी शिफारस २०२४च्या फेब्रुवारीत केली आहे. कल्पना छान आहे. फक्त ही सिमं कुणाच्या नावावर असतात? कधीतरी, कुठल्यातरी दुकानात आधारची झेरॉक्स देऊन विसरलेल्या माणसाच्या नावावरही असू शकतात. स्क्रीनवर त्या गृहस्थांचं नाव ठसठशीत येणार. मग आपण सगळे त्यांना शोधून काढून उलटे फोन करणार, तमीज़ शिकवणार, नंबर कुठून मिळाला ते विचारणार. ते बिचारे शेतावर असतील, एका हातात पाइप आणि वीज जायला दहा मिनिटं. म्हणतील, ‘साहेब, सध्या कामात आहे, नंतर करा.’