पॅराक्वाटला खुले पत्र

पॅराक्वाट,

तुला नमस्कार नाही. 1962 पासून तू तणनाशक म्हणून बाजारात आहेस. जन्म ब्रिटनचा, पण स्वित्झर्लंडने 1989 मध्येच तुला दार दाखवले, युरोपीय संघात 2007 पासून तुला मज्जाव आहे. थायलंड, ब्राझीलनेही हाकलले. आपल्याकडे केरळने 2011 मध्ये. महाराष्ट्रातल्या दुकानांत मात्र तुझी बाटली ऐटीत उभी असते. ती ऐट उतरवायलाच हे पत्र.

तू इथे कसा रुजलास तेही ठाऊक आहे. पोरं चाकणच्या कंपन्यांत गेली, खेड तालुक्यात खुरपणीला बाया मिळेनात, मिळाल्या तर मजुरी परवडेना. मग एक गडी, पाठीवर पंप, आणि दोन दिवसांत तण करपून जाते. शेतकऱ्याची नड खरी होती, तू तिच्यावर हात मारलास.

आणि तो गडी? फवाऱ्याचे थेंब नाकात-घशात बसतात, आग होते, घोळणा फुटतो. नोझल तुंबले की तो तोंडाने फुंकतो. पंप गळून पाठ भिजते, सोललेल्या कातडीतून तू आत शिरतोस. बहुतेक बळी तू पोटात गेल्यामुळे जातात हे खरे, पण वाट कुठलीही असो, गाठतोस फुप्फुस. शरीराला लागणारी पॉलिअमाइन्स ओढून घेण्याची तिथल्या पेशींची जी सोय आहे, तीच वापरून तू साठत राहतोस. ऑक्सिजनच्या जोरावर पेशी जाळतोस. मग फुप्फुस ताठरते, माणूस शुद्धीवर असतानाच दिवसेंदिवस श्वासाला महाग होतो. त्याला प्राणवायू लावावा तर तुझेच बळ वाढते, म्हणून डॉक्टर हात आखडतात. तुझ्यावर उतारा नाही, हे तुझे मालक जाणतात. चुकून कोणी प्यायले तर ओकारी यावी म्हणून ते बाटलीत औषध मिसळतात!

चाकणच्या कारखान्यात रंगाची फवारणी करणाऱ्याला मास्क मिळतो. कुंपणापलीकडच्या गड्याच्या तोंडावर टॉवेल असतो. 1971 च्या कीटकनाशक नियमांत संरक्षक कपडे आणि श्वसनसाधने लिहिलेली आहेत. शिवारात ती कोणी तपासायची?

1968 च्या कीटकनाशक कायद्याने राज्य सरकार तुझी विक्री तात्पुरती थांबवू शकते. कृषी खात्याने तो अधिकार या रब्बीच्या लागवडीआधी वापरावा, केंद्राकडे कायमच्या बंदीचा आग्रह धरावा, आणि लहान शेतकऱ्याच्या खुरपणीची मजुरी रोजगार हमीतून द्यावी. तू निघ.