लाइट गई? मग काय, डबा काढा!

झालं, एवढंच बघायचं राहिलं होतं! जळगावात भर मे महिन्यात लाइट जाते आणि गल्लीत कोणी ओट्यावर येत नाही. ही काय रीत झाली? पंखा थांबला की दोन मिनिटांत दारं उघडायची, हातात वर्तमानपत्राची घडी नाहीतर वहीचा पुठ्ठा, नजर कोपऱ्यावरच्या डीपीकडे, आणि ‘तुमची पण गेली का?’ हा प्रश्न. उत्तर समोर दिसत असतानाही तो विचारायचा असतो, त्याशिवाय लाइट गेल्यासारखी वाटत नाही. आणि आता? दार बंद. आतून पंख्याची घरघर, टीव्हीवर मालिकेतल्या सासूचा आवाज. बेल वाजवायला जावं तर ती वाजत नाही. कडी वाजवली की आतून डोकं बाहेर येतं, तोंडाचा चंबू होतो, ‘अगंबाई, लाइट गेलीय का? आम्हाला कळलंच नाही!’

कळलं नाही म्हणे! हे ‘कळलं नाही’ म्हणता यावं म्हणून घरच्यांनी तीस-चाळीस हजार मोजलेत, हे आपल्याला कळत नाही का?

तर तो डबा. कागदावर त्याचं नाव पोर्टेबल पॉवर स्टेशन. छोट्या सुटकेसएवढा, वर उचलायला कडी, पुढे चमकता पडदा, बाजूला प्लग खोचायच्या जागा, आणि पोटात लिथियमची बॅटरी. लाइट असताना भरून ठेवायचा, गेली की पंखा, दिवे, वायफायचं खोकं त्याला जोडायचं. ना आवाज, ना धूर. वायरमनची गरज नाही, डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या नाहीत. आता यात नाक मुरडायला काय आहे? काहीच नाही, म्हणून तर जास्त राग येतो.

त्यातून ही हौस कुठल्या मुलखात? ज्याच्या अंगणातच वीज पिकते तिथे. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. पाचशे-पाचशे मेगावॅटचे दोन संच आहेत, त्यांच्या जोडीला आता 660 मेगावॅटचा नवा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, आणि ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग संपता संपत नाही. कोळसा आपण जाळायचा, ऊन आपण सोसायचं, वारा आपण खायचा, आणि रात्री मेणबत्ती शोधायलाही आपणच! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची लाइट काही तास गेली, लोकल थांबल्या, तर देशभर बातमी झाली. चौकशा बसल्या. आपल्याकडे काही तास गेली तर त्याला बातमी नाही म्हणत, दुपार म्हणतात.

आणि लोडशेडिंगचं तर आपल्याला सांगूच नका, त्यात आपण पदव्या घेतल्यात. 2005 पासून पुढची सात-आठ वर्षं आठवा. खेड्यात बारा-बारा तास अंधार. पेपरात छापलेलं वेळापत्रक फ्रिजला चिकटवलेलं, आणि त्या फ्रिजचा उपयोग तेवढाच. दळण कधी, पाणी कधी, पोरांचा अभ्यास कधी, सगळं त्या कागदाला विचारून. त्या काळाने आपल्याला इन्व्हर्टर दिला. 2011 मध्ये जळगाव शहराची वीज वाटायचं काम क्रॉम्प्टन ग्रीव्हज या खासगी कंपनीकडे गेलं, 2015 मध्ये पुन्हा महावितरणकडे आलं. कंपन्या आल्या-गेल्या, मीटर बदलले, बिलाचा रंग बदलला. एप्रिल 2022 मध्ये कोळसा कमी पडला, ऊन वाढलं आणि भारनियमन हा शब्द पुन्हा पेपरच्या पहिल्या पानावर आला. तेव्हा पलंगाखालच्या इन्व्हर्टरकडे बघून आपण काय म्हणालो? ‘बरं झालं ठेवला होता.’

मग आता त्या बिचाऱ्याने काय घोडं मारलं? 150 अँपिअर-अवरची ट्रॉलीवरची बॅटरी 12 व्होल्टची, म्हणजे कागदावर 1800 वॅट-अवर. शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते हे खरं, तरी घरभर पंखे फिरवते. नव्या डब्यात बहुतेकांच्या घरी किती? पाचशेच्या आसपास. म्हणजे अर्धं युनिट. महावितरणच्या बिलावर अर्ध्या युनिटचे पैसे दहा रुपयेही होत नाहीत. दहा रुपयांच्या आतली वीज साठवायला तीस-चाळीस हजारांचा डबा! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं आपली आजी म्हणायची. तिला हा मसाला दाखवला असता तर तिने कोंबडीच सोडून दिली असती.

पण ऐकतंय कोण? गोलाणी मार्केटात जाऊन बघा. मोबाइलचं कव्हर घ्यायला गेलेला माणूस डब्यापुढे उभा. ‘भाऊ, याच्यावर एसी चालेल का?’ नाही. ‘गिझर?’ नाही. ‘इस्त्री?’ नाही. ‘शेगडी? इंडक्शन?’ नाही हो, दोन हजार वॅट लागतात तिला! ‘मग चालतं काय?’ पंखा. ‘द्या एक.’ हा व्यवहार कुठल्या शास्त्रात बसतो? आणि हा तोच गृहस्थ, जो भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून दोन रुपयांसाठी पाच मिनिटं भांडतो.

खरी गंमत तर डबा घरी आल्यावर. लाइट गेली की आता सगळं घर पडद्यासमोर, क्रिकेटची शेवटची ओव्हर चालू असावी तसं. डावीकडे किती येतंय, उजवीकडे किती जातंय, मधे शिल्लक टक्के, खाली उरलेले तास. छताचा जुना पंखा लावला की उजवीकडे पंच्याहत्तर. ‘पाचवरून तीनवर आणा’, आकडा खाली, उरलेले तास वर, घरात समाधान. तेवढ्यात आकडा उसळतो. ‘फ्रिज कोणी उघडला?’ कोणीच उघडलेला नसतो. आतला कॉम्प्रेसर आपला आपण सुरू झालेला असतो आणि सुरू होताना तो क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो. पण ही माहिती येईपर्यंत धाकट्यावर आरोप निश्चित झालेला असतो. मग स्वयंपाकघरातून मिक्सरचा एकच घोट ऐकू येतो, डबा टूं-टूं करून मान टाकतो, आणि सासूबाई फार हळू आवाजात विचारतात, ‘चटणी पाट्यावर वाटायची तर काय बिघडलं असतं?’ ज्या घरात वीजबिल उघडूनही कोणी बघत नव्हतं, त्या घरातली आजी आता वॅटमध्ये बोलते. ‘हा बल्ब नऊचा आहे ना? मग राहू दे.’ हे वेड नाही तर काय?

आणि पंख्यांची फॅशन! पंच्याहत्तर वॅटचा पंखा अर्ध्या युनिटच्या डब्यावर साडेपाच तास जेमतेम काढतो, कारण थोडी वीज डबा स्वतःच खातो. तीस वॅटचा बीएलडीसी पंखा लावला तर तोच डबा रात्र काढून वर सकाळचा चहाही बघतो. झालं! डब्यासाठी पंखे बदलले. पंख्याला रिमोट आला, रिमोटला सेल आले, आणि सेल संपले की घरात उजेड असून पंखा बंद. कूलरचा हट्ट धरणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. दीड-दोनशे वॅटचा कूलर त्या डब्यावर दोन-अडीच तास. पुढे? पुढे गच्ची, चटई आणि पूर्वज.

बरं, ज्याच्यासाठी हा आणला ते ऊन तरी त्याला सोसतं का? माहितीपत्रक वाचा. बहुतेक डब्यांना चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या पुढे चार्ज व्हायला मनाई. चाळीस-पंचेचाळीस! खान्देशात मे महिन्यात तेवढ्याला लोक म्हणतात, ‘आज जरा बरं आहे.’ दुपारी दोनला तापलेल्या खोलीत डब्यावर तापमानाचं चिन्ह लागतं आणि साहेब संपावर जातात. मग घरचे काय करतात? लाइट असेपर्यंत कूलर डब्याकडे वळवतात. कूलरसाठी डबा, डब्यासाठी कूलर, आणि माणसं भिंतीला टेकून घाम पुसतायत. महाबळ कॉलनीत आम्ही हे पाहिलं असं आम्ही म्हणणार नाही, कारण मग ते आमच्याच घरात पाहिलं का असं तुम्ही विचाराल.

छतावर सोलर बसवलेल्यांची तर वेगळीच मौज. केंद्राची सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान मिळालं, बिल शून्याला टेकलं, मान ताठ झाली. मग भर दुपारी बारा वाजता लाइट गेली आणि यांचाही पंखा थांबला! वर सूर्य आग ओकतोय, पॅनल तापून निघालंय, आणि खाली साहेब घामाघूम. यात बिघाड काही नाही. ग्रीडला जोडलेलं सोलर लाइट गेली की आपोआप बंद होतं, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्याच छतावरून शॉक बसेल. नियम शंभर टक्के बरोबर. पण हे पाहुण्यांना समजावताना चेहरा जो होतो, तो बघायला आपण मुद्दाम बाराच्या सुमारास जातो. आता त्यांच्याही दिवाणखान्यात टेबलक्लॉथखाली काहीतरी चौकोनी झाकलेलं दिसतं. फूलदाणी ठेवलीय वर. आम्ही काही विचारलं नाही.

धुळ्याला तर आणखी पुढची पायरी. देवपुरातल्या निवृत्त मंडळींचा एक कट्टा आहे. आधी तिथे रक्तदाबाच्या गोळ्यांची चर्चा चालायची. आता? ‘तुमच्याची सायकल किती?’ ‘तीन हजार.’ ‘माझ्याची साडेतीन.’ म्हणजे एवढ्या वेळा भरून रिकामा केला तरी बॅटरीत ऐंशी टक्के दम राहतो म्हणे. रोज एकदा धरलं तरी आठ-नऊ वर्षं. यातल्या एका आजोबांनी डब्याची हमी किती वर्षांची आणि आपली किती, याचा हिशोब मांडून पाहिला आणि डबा नातवाच्या नावावर करून टाकला. आणि परवा त्याच कट्ट्यावर एकाने दुसऱ्याला अहिराणीत विचारलं, ‘कितलाले लिधा?’ दुसऱ्याने पाच हजार कमी सांगितले. बायको शेजारीच होती ना!

सणांचं तर विचारूच नका. श्रावणात कानबाईची रात्र म्हणजे जागरण, गाणी, रोटांचा वास आणि घरात वीस-पंचवीस पाहुणे. त्यात पाऊस, त्यात लाइट. पूर्वी गॅसबत्ती आणायला कोणीतरी पळायचं आणि तिच्या मेंटलला बोट लागून ती विझवायचं. आता कानबाईच्या चौरंगामागे डबा, त्यावरून दिव्यांची माळ. पडद्यावर शिल्लक 62 टक्के. मावशी नमस्काराला वाकतात, पडद्याकडे बघून आणखी थोड्या वाकतात. आणि हिवाळ्यातली भरीत पार्टी! पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजायची, बडगीत ठेचायची, कळण्याची भाकरी. या अख्ख्या प्रकारात विजेचा संबंध येतो कुठे? तरी शेताच्या बांधावर डबा येतो. स्पीकरसाठी, दिव्यासाठी, आणि मुख्य म्हणजे शेजारच्या मळ्यातल्या पार्टीला दिसावा म्हणून. एकीने घातली सरी म्हणून दुसरी गळ्यात दोरी बांधते. इथे दुसरीही सरीच आणते, फक्त हप्त्याने.

आता एक गोष्ट मात्र गंभीरपणे. रावेर, यावल, चोपड्याकडे मे-जूनचं वादळ येतं तेव्हा ते केळीच्या बागा आडव्या करतं आणि त्यांच्याबरोबर विजेचे खांबही. मग लाइट तासाने येत नाही, कधी रात्रभर येत नाही. अशा वेळी घरात अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस असेल, दम्याचं नेब्युलायझर असेल, तान्हं बाळ असेल, तर या डब्याला हसणाऱ्याने आधी स्वतःकडे बघावं. त्या घरासाठी तो चैन नाही. हसायचं आहे ते आपल्यासारख्यांना, ज्यांना पंचेचाळीस मिनिटं रील दिसली नाही तर जीव कासावीस होतो.

कारण आपण काय कमी आहोत? नाक मुरडत वाचताय ना? मग दिवाणाखाली काय आहे ते सांगा. ‘भाच्याने पाठवला’, ‘ऑफर होती’, ‘ऑफिसच्या कामाला लागतो’, ही तिन्ही कारणं आम्हाला पाठ आहेत, आम्हीही तीच सांगतो. लपवू नका. घेतला नसेल तर घेण्याआधी दोन आकडे बघा: एकदम किती वॅट ओढू देतो आणि एकूण किती वॅट-अवर साठवतो. रोज तीन-चार तास लाइट जात असेल आणि घरभर पंखे हवे असतील, तर डोळे मिटून जुना इन्व्हर्टरच घ्या, पैसे वाचतील. घेतलाच असेल तर उन्हात ठेवू नका, गाडीच्या डिकीत विसरू नका, नेब्युलायझरसारखं यंत्र जोडायचं असेल तर लाइट असतानाच एकदा जोडून बघा. आणि लाइट गेल्यावर दार तेवढं उघडं ठेवा. शेजारच्या काकूंचा मोबाइल पाच टक्क्यांवर आलाय आणि त्या मागायला लाजतायत.